बाविसाव्या घराचं न्हाय

भोकरपाडा सुटला त्या दिवशी महादूनं गावदेवाच्या दगडापुढं दोन नारळ फोडले. एक सुटल्याचा, आणि दुसरा, तो म्हणाला, पुन्हा न अडकण्याचा.

सुटला म्हणजे खालच्या गावापासून सुटला. गाव सडकेला, पाडा टेकडीवर. इतकी वर्षं पाडा गावाच्या पंचायतीला शेपटासारखा चिकटलेला होता. गाव वळेल तिकडं यानं फरफटत जायचं. आता सरकारी कागद आला. पाडा वेगळं गाव झालं, त्याची त्याची ग्रामसभा झाली. बावीस घरांचं का होईना, पण आपलं राज्य.

"आता आपुन आपलं मालक," किशन म्हणाला. किशन दहावीपर्यंत शिकलेला, टेम्पोवर ड्रायव्हर, बोलण्यात सगळ्यांच्या पुढं. "आता आपलं संविधान लिवा. देशानं लिवलं, आपुन बी लिवू."

"देशाला लिवायला तीन वर्सं लागली," दिपिका हळूच म्हणाली. ती महादूची सून. पाड्यावर बारावी झालेली ती एकटी, म्हणून वही तिच्याकडं आली होती.

"देशात मानसं जास्त. आपली बावीस घरं. सांजंपतुर व्हईल."

झालंही. श्रावणातली दुपार होती, भाताची लावणी उरकलेली, बावीसच्या बावीस घरं देवळाच्या ओट्यावर दाटीवाटीनं बसलेली. दिपिकाला तेव्हा सातवा चालू होता. पोटावर वही टेकवून लिहायला बरं पडत होतं. आतला मधूनच लाथ मारी आणि अक्षर वाकडं होई. शेजारी तिची तीन वर्षांची रंजिता पेनाच्या टोपणाशी खेळत होती.

नियम सांगायला महादू उभा राहिला. मागं एकदा गावच्या पंचायतीनं टेकडीखालचं गायरान गोदामाला दिलं, तो ठराव त्यानं नंतर कचेरीत पाहिला होता. "खाली आपल्या समद्यांचं अंगठं व्हतं," तो म्हणाला. "एकाला बी कोनी इचारलं नव्हतं. माज्या बायकोचा बी अंगठा व्हता. ती मरून दोन वर्सं झाल्याली. मेल्यापासून ती मला एकदा भेटाय आली न्हाय, पर गावच्या सभेला गेली."

लोक हसले. मग हसता हसता गप्प झाले.

त्या गप्प बसण्यातूनच सगळे नियम निघाले. प्रत्येक घराचा होकार आल्याशिवाय ठराव होणार नाही. एकाचा अंगठा दुसऱ्यानं लावायचा नाही. कायमचा पुढारी नको. महिन्याला एका घराची पाळी. कोणावर सक्ती नाही, फक्त विनंती. आणि शेवटचा रंगूबाईनं घालायला लावला. रंगूबाई सत्तरीची, कानानं अधू, पण नेमकं ऐकायचं ते ऐकणारी. "हे नियम बदलायचं तं बी समद्यांचं हाय पायजे," ती म्हणाली. "नायतर उद्या कोनी बी येईल नि खोडील."

"हाय!" बावीस घरं एका आवाजात म्हणाली. दिपिकानं पहिल्या पानावर ते सगळं लिहिलं आणि वर एक कमळ काढलं. ही बावीस घरं अशी एकत्र बसतात ती पावसाळ्याचे चारच महिने, हे तिच्या मनात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही. भिजलेल्या माणसाला उन्हाळा आठवत नाही.

फक्त विनंती म्हणजे काय, ते लवकरच कळलं. विहिरीतला गाळ काढायला विनंती केली तर तिघं आली, त्यातला एक चुकून. पण विहिरीचं हसण्यावारी गेलं.

नवरात्रात दिपिकाला मुलगा झाला. नऊ दिवस जगला. दहाव्या दिवशी सकाळी तिनं त्याला पाजायला उचललं तर तो गार होता. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नव्हतं. तिचा नवरा हरेश नारपोलीला कापडाच्या लूमवर होता. तो शिफ्ट सोडून येईपर्यंत सगळं आवरलं होतं.

खड्डा काळूरामनं खणला. काळूरामचं घर पाड्याच्या टोकाला, बाविसावं. त्याला एरवी कोणी कशाला बोलवत नसे, पण मयतीला आधी त्यालाच हाक जाई. टेकडीखालचं माळरान ओलांडलं की ओढा लागतो, तिथं पाड्याची माणसं पुरतात. लहानग्यांची जागा बाजूला, भोकराच्या झाडाखाली. काळूरामनं माती सारखी केली, वर बाभळीच्या फांद्या रचल्या आणि म्हणाला, "वैनी, काटं सुकलं की बदलत जा. नायतर कुत्री उकरत्यात."

तेवढं काम दिपिकाच्या हाती राहिलं. दर आठ दिवसांनी ती ताजे काटे तोडी, रंजूचं बोट धरी आणि माळावरच्या वाटेनं वीस मिनिटांत ओढ्यावर पोचे. जुने काटे काढी, नवे रची, परत येई. रडत नसे. रडू आलंच नव्हतं. भाकरी भाजताना बोट तव्याला चिकटलं तर ते दुसऱ्याच बाईचं बोट असल्यासारखी ती बघत राही. दूध आटायला महिना लागला. तेही दुसऱ्याच कोणाचं तरी असावं असं तिनं ते पदराखाली वाहू दिलं.

दिवाळी झाली आणि नऊ घरं वीटभट्टीवर गेली. दरवर्षी जातात. दाराला कडी, कडीला दोरी, झालं.

पौषात किशन मोबाइलवर फोटो घेऊन आला. माळाची जमीन गोदामवाल्यानं घेतली होती, चारी बाजूंनी भिंत यायची होती. खालच्या गावात नोटीस लागली होती: वहिवाटीच्या वाटेबद्दल कोणाची हरकत असल्यास ग्रामसभेच्या ठरावासह पंधरा दिवसांत कळवावी.

दिपिकानं नोटीस तीनदा वाचली. "वाट बंद व्हनार?"

"भिंत बांधल्यावर वाट काय वरून उडी मारून जानार?" किशन म्हणाला, आणि मग त्याला आठवलं ती वाट कोणाची आहे. त्यानं मोबाइल खिशात घातला. "लिव ठराव. आता आपली सभा हाय. गावाच्या पाया पडायची गरज न्हाय."

सभा बसली. त्या महिन्याची पाळी रंगूबाईची होती, म्हणून ती मधोमध बसली. किशन एकेका घराचं नाव पुकारू लागला.

"महादू?"

"हाय."

"रंगूबाई? आगं तुलाच इचारतो."

"हाय, हाय. दोनदा लिव."

"कमळीचं घर?"

"न्हाय," कोणीतरी म्हणालं. "भट्टीवर गेलीत."

"चिंधू?"

"न्हाय."

असं होत होत शेवटी "काळूराम?" आणि "न्हाय." दिपिकानं कानावर आलं तसं लिहिलं. एका रकान्यात तेरा हाय, दुसऱ्यात नऊ न्हाय. दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून, रंजूला कडेवर घेऊन ती भिवंडीला कचेरीत गेली.

कारकून बरा माणूस होता. त्यानं रंजूला बिस्किट दिलं आणि वही उघडली. मग त्याच्या भुवया वर गेल्या.

"नऊ घरांचा विरोध आहे की."

"विरोध नाही, सर. ते नाहीत."

"तेच म्हणतोय मी. नाही म्हणालेत."

"म्हणाले नाहीत. ते नाहीतच."

"बाई, अक्षर तुमचंच ना?" त्यानं रकान्यावरून बोट फिरवलं. "न्हाय. न्हाय. न्हाय."

दिपिका त्या बोटाकडं बघत राहिली. पाड्यावर हा शब्द दोन्हीकडं चालतो. माणूस घरात नसला तर न्हाय, माणसाला पटलं नाही तरी न्हाय. आजवर कोणाचा घोटाळा झाला नव्हता, कारण पाड्यावर आधी माणूस दिसतो आणि मग शब्द ऐकू येतो. वहीत माणूस दिसत नाही.

तिनं समजावलं. कारकुनाला समजलंही. तो वहीचं पहिलं पान उलटून परत वाचत होता. "कायद्याला एवढी सगळी घरं लागत नाहीत हो," तो म्हणाला. "पण तुम्हीच इथं लिहून ठेवलंय, प्रत्येक घराचा होकार. वर कमळही काढलंय. तुमचाच नियम मोडून तुमचा ठराव झाला असं मी कसं म्हणू? अजून दहा दिवस आहेत. त्या नऊ घरांचे अंगठे आणा."

हरेशला सुट्टी मिळेना. "ड्युटी सोडली तं लूम दुसऱ्याला देत्यात," तो फोनवर म्हणाला. मागं लूमचा खडखडाट इतका होता की तो काय म्हणतोय यापेक्षा तो ओरडतोय एवढंच कळत होतं. "तू जाशील का एकटी?"

"जाईन."

"दिपे," तो म्हणाला, आणि पुढचं खडखडाटात गेलं.

ती गेली. अंजूरच्या बाजूला दोन भट्ट्या, कशेळीकडं आणखी तीन. शेअर रिक्षा, मग पायी. ट्रकच्या धुळीत रंजूच्या पापण्या तांबड्या झालेल्या. कमळी दिपिकाच्याच वयाची, चिखलात मांडी घालून विटा थापत होती. तिनं लांबूनच हाक मारली, "आगं बया, कचेरी आली भट्टीवर!"

दिपिकानं सांगितलं. कमळी हसली. "आमी कधी न्हाय म्हनलो? आमी न्हाय व्हतो म्हनून न्हाय. आन तुजं शाईचं पॅड." हात धुऊन तिनं अंगठा टेकवला. उठला तो नुसता काळा गोळा; रेघ एकही नाही. तिनं दुसरा अंगठा टेकवला. तोही तसाच.

"रेघा विटंत गेल्या," कमळी म्हणाली. "कोनाच्या तरी भिंतीत असतील." मग दिपिकाच्या तोंडाकडं बघून तिनं रंजूला जवळ ओढलं, तिच्या हातात ओल्या मातीचा गोळा दिला. "जेवून जा. सुकटीचं कालवन हाय."

दिपिका जेवली. चव लागली नाही, पण जेवली.

सात दिवसांत आठ अंगठे झाले. चिंधूचा, कमळीचा, सगळ्यांचे. रेघा नसलेले आठ काळे गोळे. नववा काळूरामचा. कशेळीच्या भट्टीवर त्याच्या झोपडीच्या जागी चुलीचे तीन दगड तेवढे होते. शेठनं त्याला आणि त्याच्या बायकोला खाडीपल्याड दुसऱ्या भट्टीवर हलवलं होतं. कुठल्या, ते कोणाला ठाऊक नव्हतं. फोन बंद. "त्याच्या फोनला लाईट कुठं मिळती," शेजारचा म्हणाला, "तो तं नुसता खिशात बाळगतो, मान म्हनून."

आणखी दोन दिवस तिनं शोधलं. मग एकच, उद्याचा दिवस राहिला.

दुपारी अंगणात वही उघडी होती, पॅड उघडं होतं. महादू दोरी वळत बसला होता. किशन वहीवर वाकला.

"आठ गोळं तं असंच हायत," तो म्हणाला. "नववा कोन वळखनार? अंगठ्याला काय तोंड असतं? तू लाव, नायतर मी लावतो. काळूराम आला की त्याला सांगू, तो काय न्हाय म्हननार हाय व्हय? खड्डा त्यानंच खनलाय."

दिपिकानं अंगठा शाईला लावला. तिचा लांबट, रेघारेघांचा अंगठा. थोडा घासला असता तर झालं असतं. बाविसाव्या घरापुढची जागा रिकामी होती, बोटभर. तिला एवढंच दिसत होतं, की उद्या-परवा काटे सुकतील.

तिनं सासऱ्याकडं पाहिलं. तो हो म्हणाला असता तर तिनं लावला असता. नको म्हणाला असता तरी कदाचित लावला असता.

महादूचा हात दोरीवर थांबला. त्याचाही नातू होता तो. "तुजी सासू," तो म्हणाला, "अशीच गेली व्हती सभेला."

मग तो पुन्हा दोरी वळू लागला, पण दोरी उलटी वळली जात होती आणि त्याच्या ते लक्षात येत नव्हतं.

दिपिकानं अंगठा पदराला पुसला. पॅड बंद केलं. बाविसाव्या घरापुढं तिनं या वेळी शाळेतल्या भाषेत लिहिलं: घरी नाही.

"हे छान लिहिलंत," दुसऱ्या दिवशी कारकून म्हणाला. "आता नीट समजतं." मग त्यानं वही मिटून तिच्याकडं सरकवली. "पण होकार नाही."

भिंत आठवड्यात उभी राहिली. तयार फरशा खांबांत सरकवत गेले, झालं. पाड्यावरून भोकराचा शेंडा दिसायचा, तोही पुढं गोदाम उभं राहिल्यावर पत्र्याच्या मागं गेला.

मृग लागायच्या आधी भट्ट्या थंडावल्या आणि माणसं परतली. काळूरामही आला, कानात-नाकात माती, आणखी वाळलेला. सगळे आलेत म्हटल्यावर किशननं घाईनं सभा बोलावली. या वेळी एकच विषय: नियम बदलायचा. बावीसपैकी पंधरा घरं हाय म्हणाली तर ठराव झाला समजायचा.

"नियम बदलायला बी समद्यांचं हाय लागतं," रंगूबाई म्हणाली.

"म्हनून तं समदी हायत तवा इचारतोय, आये."

नावं पुकारली गेली. हाय, हाय, हाय. महादूनंही हाय म्हटलं, जमिनीकडं बघत. एकवीस झाली. "काळूराम?"

काळूरामनं विचारलं, "मी नव्हतो म्हनून ठराव झाला न्हाय, व्हय?"

"तुज्या एकट्यापायी," किशन म्हणाला. "वैनी भट्ट्या पालथ्या घालून आली. आठ अंगठं मिळालं. तुजा मिळंना."

"मग माजा लावला न्हाय कोनी?"

"न्हाय ना! आमी लावू म्हनत व्हतो, पर—"

"थांबलात? माज्यासाटी?"

काळूरामनं आपल्या अंगठ्याकडं पाहिलं, मग दिपिकाकडं.

"न्हाय," तो म्हणाला.

गलका झाला. किशन उठून उभाच राहिला. "आरं तुज्यापायी वाट गेली! पुढच्या साली आनखी काय जाईल!"

"वाट गेली ते वाईट झालं. मला ठाव न्हाय का तिकडं काय हाय? माज्या हातानं खनलंय मी." काळूरामचा आवाज मोठा नव्हता. "पर मला जल्मात कोनी इचारलं न्हाय. शेठ इचारत न्हाय, गाडीत बस म्हनतो. गावानं इचारलं न्हाय, अंगठा लावून मोकळं झालं. तुमी एकवीस घरं माज्या एका अंगठ्यासाटी आडून बसली. आता बदललं तं पुढच्या साली मी भट्टीवर असन, तुमी पंधरा मोजाल, नि मी पुन्यांदा महादूच्या बायकूच्या रांगंत."

"काय म्हनला?" रंगूबाईनं विचारलं.

"न्हाय म्हनला," कमळी तिच्या कानाशी ओरडली.

"न्हाय कसा? समोर तं बसलाय."

कोणीतरी हसलं. किशन नाही हसला. दिपिकाचं पेन कागदावर टेकलेलं होतं. किशनचं खरं होतं. काळूरामचंही खरं होतं. दोन्ही तिला स्वच्छ कळत होतं, आणि आत काही हलत नव्हतं. काळूरामचा राग यावा म्हणून तिनं क्षणभर वाट पाहिली. आला नाही.

तिनं लिहिलं.

"वैनी," काळूरामनं विचारलं, "कोनतं न्हाय लिवलंस?"

"तू हायस आनि न्हाय म्हनतोस, ते."

"हां," तो म्हणाला. "तेच लिव."

त्या आठवड्यात, भिंत आल्यापासून पहिल्यांदाच, तिनं बाभळीचे काटे तोडले, मोळी बांधली, डोक्यावर घेतली. रंजूचं बोट धरून ती टेकडी उतरून सडकेनं गेली, गोदामाला पूर्ण वळसा घालून पुढच्या फाटकापर्यंत. तास लागला. मागच्या बाजूला, ओढ्याकडं, एक लहान लोखंडी दार ठेवलंय असं किशननं सांगितलं होतं. तिथं जायचं तर या फाटकातून.

वॉचमन उत्तरेकडचा होता, पिकल्या मिशांचा. त्यानं मोळीकडं पाहिलं. "कहाँ?"

"पीछे. नाले पे."

"ऐसे नहीं जाने देते, बेटी. रजिस्टर भरना पड़ता है." त्यानं जाडजूड वही पुढं केली.

वही भरायची दिपिकाला सवय होती. मोळी उतरवून तिनं नाव लिहिलं. गाव: भोकरपाडा. वेळ लिहिली. चौथ्या रकान्याशी पेन थांबलं. कोणाला भेटायचं आहे.

"वो खाली नहीं छोड़ सकते," वॉचमन म्हणाला. "किससे मिलना है?"

"मुलगा आहे. लडका."

"यहाँ काम करता है? नाम बोलो, मैं लिख देता हूँ."

"नाव नाय ठेवलं."

वॉचमननं पेन घ्यायला पुढं केलेला हात मागं घेतला. त्यानं काट्यांकडं पुन्हा पाहिलं, मग रंजूकडं, मग गोदामाच्या मागं जिकडं ओढा होता तिकडं. डोक्यावरची टोपी काढून त्यानं ती उगाच झटकली.

"उधर है वो?" त्यानं हळू विचारलं.

"हाय," दिपिका म्हणाली.

तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. वॉचमननं वही आपल्याकडं ओढली आणि चौथ्या रकान्यात एकच अक्षर लिहिलं. उलट्या बाजूनं तिला ते वाचता आलं: है.

त्यानं मोळी उचलून तिच्या डोक्यावर द्यायला हात लावला. एक काटा तिच्या मनगटात घुसला, आणि ती "आई गं" म्हणाली.

"दुखलं का, आये?" रंजूनं विचारलं.

"हां," ती म्हणाली. "दुखलं."